बाबूची चोच आणि शांताचा उजवा हात

मंगळवार, ४ नोव्हेंबर
बाभुळगाव

ज्या करुणेला मुंगी आणि माणूस यांच्यात उणेअधिक दिसत नाही, तिला प्रथम वंदन. बुद्ध, धम्म आणि संघ यांच्या आश्रयाला बसून लिहितो आहे. हात स्थिर राहो, आणि जे लिहीन ते खरे असो.

विषय इतका लहान आहे की लिहिताना संकोच होतो. मला एका पाखराचे भय वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत मिलिंदने नागपूरहून आईसाठी पोपट आणला. हिरवा नव्हे, आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. हा परदेशी जातीचा, कॉकाटील म्हणतात. राखी अंग, पिवळा तुरा, गालांवर शेंदरी ठिपके. अजून पिल्लूच आहे. शांताला गेल्या पावसाळ्यात पक्षाघात झाला. उजवा हात निर्जीव झाला आणि वाणी गेली. तेव्हापासून ती नुसती मान हलवी, नाहीतर खिडकीबाहेर पाहत बसे. मिलिंदने पिंजरा टेबलावर ठेवला, तिने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबू." अगदी स्पष्ट. आमचा मुलगा उठून स्वयंपाकघरात गेला, आणि बराच वेळ नळ उघडा राहिला.

तेव्हा पाखरू या घरात राहिलेच पाहिजे. आणि पाखरू चावते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पाणी बदलताना बाबूने तर्जनी धरली. रक्त आले, थोडेच.

भय माझ्या बोटाचे नाही. (तेही आहे; स्वतःशी खोटे कशाला लिहू?) शां.ला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. डॉक्टरांनी बजावले आहे की जखम होऊ देऊ नका, उजव्या हाताला तर मुळीच नाही, कारण तिथे काही झाले तर तिला कळणारच नाही. आणि शां. दिवसभर डाव्या हाताने तोच उजवा हात उचलते आणि पिंजऱ्याच्या गजांपाशी नेऊन ठेवते, एखादी वस्तू ठेवावी तसा. डावा हात तिला पदराला, पेल्याला, काठीला लागतो. उजवा बाबूला द्यायला मोकळा आहे, असे तिच्या मनात असावे.

सायंकाळी मि.चा फोन.

"बाबा, माझंच चुकलं. आईला चावला तर काय कराल? मी सात डिसेंबरला येतो. तोपर्यंत नाही सुधारला तर घेऊन जातो त्याला."

"आणि ती बोलायची थांबली तर?"

"म्हणून तर महिनाभर थांबतो आहे ना."

शनिवार, ८ नोव्हेंबर

शेजारच्या चंद्रकलाबाई वाल-वांग्याची भाजी घेऊन आल्या. पिंजऱ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय बाप्पा गुरुजी, पोपट म्हनता, अन् हा तं चुलीच्या राखेत लोळून आल्यावानी दिसते! पोपट हिरवा असते."

म्हटले, हा परदेशी आहे.

"म्हनूनच चावते. त्याले आपली भाषाच समजून नाई राह्यली."

शां. हसली. तोंडाची एक बाजू हसली, दुसरी तशीच राहिली. त्यावर बाईंना आणखी चेव आला. "पाहा न वहिनी, साऱ्या बाभुळगावच्या पोट्ट्याईले गुरुजीनं पाली शिकवली, सरळ केलं. अन् हे मूठभर पाखरू त्याईच्या जिवाले येऊन राह्यलं!"

मीही हसलो. जाताना मात्र त्या दारात थबकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू का गुरुजी? वहिनीले चावलं तं का कराल?"

सगळे हेच विचारतात. मी उंबऱ्याजवळच्या चपला सरळ लावत राहिलो.

सोमवार, १० नोव्हेंबर

पाठ सुरू. मि.ने नागपूरच्या एका ओळखीच्या पक्षीपालकाशी फोनवर बोलणे करून दिले. त्यांच्या सूचना अशा. पाखरू भुकेले असताना, सकाळी बसावे. बोट त्याच्या पोटाला, पायांच्या किंचित वर, हलके लावावे आणि "ये" म्हणावे. चढले की राळ्याचे दाणे द्यावेत. चावले तर ओरडू नये, झटका देऊ नये, हात मागे ओढू नये. नाहीतर चावले की हात जातो, हे ते शिकते.

हे शेवटचे ऐकून मला एकाएकी बळ आले. ही तर खंती. ही तर तीच क्षमाशीलतेची पारमिता, जी मी विहारात इतकी वर्षे समजावून सांगत आलो. हात मागे घ्यायचा नाही. मनात द्वेष उमटू द्यायचा नाही. पाखराने मला साधनेलाच बसवले म्हणायचे.

त्रिसरण म्हणून पिंजऱ्यात हात घातला. चावला. हात ठेवला. पुन्हा चावला. हात ठेवला. द्वेष आला नाही. घाम मात्र फुटला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चावे आज अधिक. सहन केले.

मदोन्मत्त हत्ती भर रस्त्यात बुद्धांसमोर आला आणि मैत्रीच्या बळावर गुडघे टेकून बसला, ही कथा मी मुलांना किती रंगवून सांगत असे. आज पिंजऱ्याची कडी काढताना तीच आठवली आणि लाज वाटली. तिथे हत्ती होता. इथे माझ्या मुठीत मावेल एवढा जीव, आणि कडीला हात लावण्याआधी मी दोनदा मागे फिरलो. एकदा चष्मा आणायला, एकदा कशाला ते आठवत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी चावण्याआधी बाबू तुरा डोक्याला चिकटवून घेई, फुत्कार काढी, दांडीवर मागे सरके. दोन दिवस झाले, यातले काही करीत नाही. नुसता पाहतो आणि थेट चोच. फुत्कार गेला, ही प्रगती मानावी का? मग चावा अधिक खोल का?

मी बाबूजवळ बसलो की शां. हल्ली तोंड फिरवते. विचारले, काय झाले? तिने ओठ हलवले. शब्द हाताशी आला नाही. डाव्या हाताने गुडघ्यावर जोरात थाप मारली. तिला राग आला की ती असे करते.

माझ्यावर राग? मी तर सगळे तिच्यासाठीच...

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अनर्थ झाला.

पिंजऱ्याचे दार उघडे होते. मी फक्त पाण्याची वाटी विसळायला मोरीपर्यंत गेलो. आवाज काही झाला नाही. बाबू फुत्कारला नाही. शां.ही ओरडली नाही. परत आलो तेव्हा तिचा उजवा हात दारातून आत होता, ती "बाबू, बाबू" म्हणत हसत होती, आणि साडीवर रक्त ओघळत होते.

तिला ठाऊकच नव्हते.

मी काय केले ते लिहितो. ओरडलो. खांद्यावरचा टॉवेल पाखरावर टाकला, वरून मुठीत आवळले आणि पिंजऱ्यात मागे लोटले. त्याने जो चीत्कार केला तसा आजवर ऐकला नव्हता. मग कापूस. कापूस भिजला. दुसरा. तोही. चंद्रकलाबाईंना हाक मारली. त्यांच्या मुलाने ऑटो काढला. वाटेत बाई शां.चा हात वर धरून बसल्या होत्या आणि मलाच म्हणत होत्या, "तुमी भेऊ नका गुरुजी."

दवाखान्यात डॉक्टरांनी दाबून पट्टी बांधली. थांबेल म्हणाले. थांबले. पण थांबेपर्यंत मला एकही गाथा आठवली नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मि.ला सांगावेच लागले.

"मी आजच निघतो, बाबा."

"सात तारीख म्हणाला होतास."

"बाबा! आईला कळलंसुद्धा नाही म्हणता, आणि..."

"सात म्हणाला होतास."

हा हट्ट कुठून आला? मला स्वतःलाही ते पाखरू घरात नको आहे. पिंजऱ्यावर चादर घातली आहे. चादरीआड काही खुडबुडले की माझ्या अंगावर काटा येतो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शां. बोलत नाही. "बाबू"सुद्धा नाही. जेवताना, औषध घेताना चादरीकडे पाहते.

दुपारी चादर काढली. बाबू कोपऱ्यात पिसे फुगवून बसला होता. माझा खांदा दिसताच गजांवर जाऊन आदळला; खांद्यावर टॉवेल होता. मी टॉवेल बाहेर दोरीवर टाकून आलो, तरी तो थरथरत होता.

एकच खोली. त्यात आम्ही तिघे. कोण कोणाला भितो याचा मेळ लागत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

विहारात आज बोलण्याची पाळी माझी होती. विषय आधीच ठरलेला, खंती. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या. समोरून एक उपासक म्हणाले, "गुरुजी पाखराचे चावे सहन करतात, शब्द नाही काढत. याला म्हणतात आचरण." सगळ्यांनी हात जोडले. बोलायला उभा राहिलो आणि थोडक्यात आटोपले.

घरी येऊन शां.जवळ बसलो. म्हणालो, "शांता, मला भीती वाटते. पिंजऱ्याजवळ गेलो की वाटते, तुझ्या हाताकडे पाहिले की वाटते. रोज."

ती ऐकत होती. मग डावा हात माझ्या छातीवर ठेवला आणि मान हलवली, नाही. "तुमी... नाई."

"काय नाही?"

तिने पिंजऱ्याकडे बोट केले. तोंडातल्या तोंडात चाचपत राहिली. घाम आला तिला. मग म्हणाली, "थो. थो भेते."

दोन शब्द, जोडून! "बाबू"नंतरचे पहिले वाक्य. माझे डोळे भरून आले. म्हणालो, पुन्हा म्हण शांता, पुन्हा एकदा म्हण. तिने गुडघ्यावर थाप मारली. तिला शाबासकी नको होती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रात्रभर तिचे ते वाक्य मनात होते: तो भितो. सकाळी दूर खुर्ची टाकून बसलो आणि फक्त पाहिले.

तुरा डोक्याला चिकटतो, तेव्हा तो "नको" म्हणत असतो. मागे सरकतो, तेव्हा "नको" म्हणतो. फुत्कारतो, तेव्हा मोठ्याने "नको" म्हणतो. हे सगळे त्याने पहिल्या दिवसापासून सांगितले होते. मी ऐकले नाही, कारण मी खंती आचरीत होतो. चावल्यावर हात ओढू नका, असे नागपूरच्या गृहस्थांनी सांगितले होते. तो "नको" म्हणत असता हात आत घाला, असे मुळीच सांगितले नव्हते. तेवढे मी माझ्या पदरचे घातले. शब्द वाया जातात हे कळल्यावर त्याने शब्द सोडले आणि चोच तेवढी ठेवली. म्हणून शां.च्या हाताला कसलीही सूचना मिळाली नाही.

सहनशील मी होतो आणि सहन त्याला करावे लागत होते. एखाद्याला कोपऱ्यात दाबून धरायचे, त्याने ओरबाडले तर क्षमा करायची, आणि विहारात जाऊन हात जोडून घ्यायचे. हे कोणत्या धम्मात बसते?

शां.ला एवढेच सांगितले की तू म्हणतेस ते खरे. तिने डोळे मिटून मान हलवली, जणू केव्हाचेच हे सांगायचे राहिले होते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आता असे करतो. दार उघडतो, पण हात माझ्या मांडीवर. तळहातावर राळ्याचे दाणे. तुरा चिकटला की खुर्ची मागे घेतो. सैल झाला की थोडी पुढे. बोलत राहतो, काहीबाही. कापसाचा भाव, थंडी, मुगाची खिचडी.

आज बाबू फुत्कारला! मी इतका हर्षित झालो की खुर्ची मागे घेताना पडता पडता वाचलो. त्याने पुन्हा सांगितले, म्हणजे ऐकणारा कोणी आहे असे त्याला वाटले असावे. चंद्रकलाबाई आल्या होत्या, त्यांना तेच सांगितले.

"फुसफुस करून राह्यला म्हनून खूश? वहिनी, आता गुरुजीईलेच दवाखान्यात न्या बाप्पा."

शां. आवाज काढून हसली. तिच्या उजव्या हातावरची पट्टी आज निघाली. गुलाबी खूण आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

बाबू बोटावर आला.

याआधी मला एक गोष्ट माहीत नव्हती. पाखरू नव्या फांदीवर पाय टाकण्याआधी ती चोचीने चाचपून पाहते, फांदी पक्की आहे ना म्हणून. चोच माझ्या बोटाला लागली. पट्ट्यांखालच्या जुन्या जखमा एकदम जाग्या झाल्या. ओढून घेऊ? तुऱ्याकडे पाहिले. अर्धवट उभा, सैल. तो "नको" म्हणत नव्हता. हात ठेवला. चोचीने बोट किंचित दाबले, सोडले, आणि मग पाय. खरखरीत, कोमट. वजन असे नाहीच.

चढण्याच्या ऐन क्षणी "ये" म्हणायला माझ्या तोंडात ओल नव्हती. ते शां. म्हणाली. "ये."

बुधवार, ३ डिसेंबर

चावला.

दोष कोणाचाच नाही. बाबू बोटावर शांत बसला होता. गल्लीतून कापसाची ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर गेला, इंजिनाचा फट्ट असा आवाज झाला, आणि त्याने दचकून बोट आवळले व भिंतीकडे झेपावला. पंख दुकानात कापलेले आहेत, खाली पडला. रक्त माझे. त्याला काही झाले नाही. थोड्या वेळाने स्वतःहून चालत खुर्चीपाशी आला.

मि.ला सांगितले. लपवणे जमले नसते.

"म्हणजे चावतोच."

"चावू शकतो. आता आधी सांगतो. पण दचकला तर सांगायला वेळ राहत नाही."

"बाबा, आईच्या हाताच्या बाबतीत 'शकतो' म्हणून कसं चालेल?"

त्याचे म्हणणे रास्त आहे. ट्रॅक्टर उद्याही जातील. हंगाम आहे.

पुन्हा तेच भय. फरक इतकाच की आता ते पाखराचे वाटत नाही, त्या 'शकतो'चे वाटते.

शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी पांढरे वस्त्र नेसून विहारात मेणबत्ती लावून आलो. गावात आज शांतता. उद्या सकाळच्या गाडीने मि. येतो आहे.

दुपारी बाबू माझ्या बोटावर होता. कापूस आणि पट्टी मी टेबलावर आधीच काढून ठेवली होती. हल्ली तसेच करतो. शां.ने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि टेबलावर माझ्या हाताला लावून ठेवला. बोटे किंचित वाकलेली, ती खूण वर.

म्हणालो, "शांता, नको."

तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. "ये," ती बाबूला म्हणाली.

मला बोट वळवून त्याला दूर नेता आले असते. हात अर्धा उचललाही. गल्लीकडे कान लावले. कोणतेही वाहन नव्हते, पण नसल्याची खात्री कशी द्यावी? तिच्या हाताला काही कळणार नाही, म्हणजे कळायचे ते माझ्याच डोळ्यांना. तुरा पाहिला. पूर्ण उभा नाही, पडलेला नाही. बाबू वाकला. चोच तिच्या बोटाच्या पेरावर टेकली. दाबतो आहे की चाचपतो आहे? मग एक पाय तिच्या हातावर, एक अजून माझ्या बोटावर. असा तो किती वेळ होता, सांगता येणार नाही. मग दुसराही पाय तिकडे गेला.

मी पुढे धरलेले पाच-सहा दाणे खाल्ले. परत आला. खूण तशीच, गुलाबी, कोरडी.

मला रडू आले. म्हणालो, "पुन्हा असे करू नकोस. उद्या मिलिंद नेईल त्याला, तेच बरे. मला हे सोसवत नाही."

शां.ने गुडघ्यावर थाप मारली नाही. डाव्या हाताने उजवा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, त्यावर डावा ठेवला, आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "हात... माहा." थांबली. "माहा हाय." मग पिंजऱ्याकडे पाहून, "ठेव. सांगजा... त्याले."

एवढे ती पक्षाघातानंतर कधी बोलली नव्हती. पुन्हा म्हण, असे या वेळी मी म्हणालो नाही.

उद्या मि.ला हेच सांगेन, तिच्याच शब्दांत, माझे काही न मिसळता. तो काय ठरवील, ठाऊक नाही. त्याचे भय खोटे नाही. ते माझेच आहे, मीच त्याला दिले. ठेवा म्हणाला तर रोज दुपारी मी याच खुर्चीवर बसून एका तुऱ्याकडे आणि गल्लीकडे पाहत थरथरणार आहे. नेतो म्हणाला तर त्यानंतरच्या दुपारची कल्पना करवत नाही.

बाबू आता एका पायावर निजला आहे. शां. त्याच्याकडे पाहत जागी आहे.

पुढेमागे कोणाच्या हाती ही पाने पडली तर त्याचे कल्याण असो. ज्यांना वाणी आहे, ज्यांना नाही आणि ज्यांना फक्त चोच आहे, त्या सर्वांचे म्हणणे जखम होण्याआधी कोणाच्या तरी कानी पडो. भिणारे आणि ज्यांना लोक भितात ते, दोघेही निर्भय होवोत. वाचणाऱ्याच्या घरी सुख नांदो, आणि त्याचे मंगल होवो.